अनुभव धागा: डिझेल पिकअप चालूच होईना, तेव्हा काय निघालं?

धागाकर्ता
नाशिकच्या निफाड-पिंपळगाव पट्ट्यात थंडी पडली की पहाटे पिकअप नाटकं करायला लागतात, त्यात माल भरलेला असतो आणि मार्केट काय आपल्यासाठी थांबत नाही. म्हटलं सगळ्यांचे अनुभव एका जागी येऊ देत. फक्त 'बॅटरी बदला', 'नोझल बघा' एवढंच लिहू नका राव. सेल (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) फिरत होता का, धूर येत होता का आणि कुठल्या रंगाचा, मीटरवर कुठला दिवा होता ते लिहा, निम्मं निदान तिथंच होतं. डिझेलला स्पार्क प्लग नसतो, दाबून तापलेल्या हवेत नोझलमधून (म्हणजे इंजेक्टरमधून) डिझेलचा फवारा पडला की ते पेटतं. म्हणजे सेल जोरात फिरायला पाहिजे, डिझेल पोचायला पाहिजे आणि हवा तापायला पाहिजे.

द्राक्षबागवाला, निफाड
आमच्याकडे पारा पाचच्या खाली जातो, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा दर थंडीत पेपरात येतोच. जुनी गाडी, सेल मस्त फिरायचा, सायलेन्सरमधून पांढरा धूर भसाभसा, पण इंजिन काही पेटायचं नाही आणि दुपारी उन्हात हीच गाडी पहिल्या सेलला चालू! कोणी म्हणे पंप गेला, कोणी म्हणे इंजिन उतरवा. आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने धूर बघितला आणि म्हणाला डिझेल आत जातंय, पेटत नाहीये. त्याने हीटर प्लगवरची, म्हणजे थंडीत आतली हवा तापवणाऱ्या प्लगांना करंट देणारी पट्टी काढली, टेस्ट लॅम्पची क्लिप बॅटरीच्या प्लसला लावली आणि टोक एकेका प्लगच्या डोक्याला टेकवत गेला. चारपैकी दोघांवरच दिवा लागला, बाकीचे मेलेले. सगळे प्लग नवीन टाकले, विषय संपला. अजून एक, हीटरवाल्या गाडीत तो चालू करायचा स्प्रे हवेच्या पाइपात मारू नका, गरम प्लगवर आधीच भडका होतो, पिस्टनची वाट लागते.

पेठरोडचा टेम्पो
माझं उलटं. सेलच ओढत नव्हता, टक करून अर्धा वळसा आणि गप. मीटर लावला तर बॅटरी १२.५ व्होल्ट, म्हणजे चांगली की. नवीन बॅटरी टाकली तरी तेच! मग एका वायरमनने मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनच्या ब्लॉकला लावून मला सेल मारायला सांगितलं. तिथे अर्धा व्होल्टसुद्धा दिसायला नको, आमचा दोनच्या वर. इंजिनला जाणारी अर्थची पट्टी बोल्टाखाली हिरवी पडून कुजलेली, वरून मात्र छान काळी टेप गुंडाळलेली. मीटर नसेल तर जम्पर केबलने मायनस थेट इंजिनला जोडून बघा, सेल जोरात फिरला तर चोर सापडला.

घोटीकर
सर्व्हिसिंगहून आणली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बंद. सेल फिरतोय पण धूर अजिबात नाही. धूर नाही म्हणजे डिझेलच पोचत नाही. फिल्टरवरचा हँड पंप दाबला तर नुसता पोकळ. फिल्टर बदलताना रबरी रिंग वाकडी बसलेली, तिथून रात्रभर हवा घेत होती. रिंग नीट बसवली, वरचा एअर स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत पंप मारला, पंप कडक झाला आणि गाडी चालू.

पंचवटीवाला
घोटीकर, याच्या पुढे आमचे जुने ड्रायव्हर नोझलचे पाइप ढिले करून पण एअर काढतात.

गॅरेजवाला, अंबड
पंचवटीवाले दादा, ते जुन्या पंपाच्या गाडीला. कॉमन रेलला, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या कंप्युटरवाल्या गाडीला, हात लावू नका! हजार बारच्या वरचा दाब असतो तिथे, बारीक धार कातडीतून आत जाते, बोट कापायची वेळ येते. या गाड्यांना सेल मारताना रेलमध्ये साधारण दोनशे बार तरी बनावा लागतो, नाहीतर कंप्युटर इंजेक्टर उघडतच नाही. सेल मारताना स्कॅनरवर प्रेशर बघा. आरपीएम शून्य दाखवत असेल तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कंप्युटरला सांगणारा) किंवा त्याची वायर. प्रेशर चढत नसेल तर इंजेक्टरच्या रिटर्न पाइपाखाली (जादा डिझेल मागे नेणाऱ्या) सारख्या बाटल्या लावा, जी भराभर भरेल तो इंजेक्टर मागे गळतोय. उगाच चारही बदलू नका, महाग प्रकरण आहे.

दिंडोरी रोड
आमची क्रँक सेन्सरची वायर उंदराने खाल्ली होती. पॅकिंग शेडमध्ये गाडी लावायचो, अजून काय.

लासलगावचा भाऊ
पावसाळ्यात ड्रममधलं डिझेल टाकलं, तेव्हापासून अडखळत होती आणि मग बंदच. फिल्टरच्या बुडाचा स्क्रू उघडून बाटलीत घेतलं तर खाली पाणी, वर डिझेल. टाकी पण धुवावी लागली. बरं, बॅटरी एकदम बसली तर धक्का मारून चालू होईल का?

गॅरेजवाला, अंबड
जुन्या पंपाच्या गाडीत डिझेल सोडणाऱ्या सोलेनॉइडला (विजेवर उघडणाऱ्या झडपेला) करंट मिळाला की होते. कॉमन रेलला कंप्युटर जागा राहील एवढी तरी बॅटरी लागते, पार मेलेली असेल तर उताराला सोडून पण काही होत नाही. सरळ जम्पर लावा.