शब्दचर्चा : रहस्यकथा, तपासकथा आणि ‘माफीचा साक्षीदार’

प्रश्न

नमस्कार मंडळी. मी वेबमालिकांच्या मराठी उपशीर्षकांचं काम करते. सध्या माझ्याकडे गुन्हेविषयक मालिकांची रांग लागली आहे, आणि त्यांतल्या बऱ्याच कुठल्या ना कुठल्या पुस्तकावरून आलेल्या असतात. काम करताना मी दोन ठिकाणी अडते.

पहिलं म्हणजे प्रकाराचं नाव. खून झाला, पोलीस आले, की मालिकेच्या माहितीत ‘रहस्यकथा’ असं ठोकून दिलं जातं. खुनी पहिल्याच भागात दाखवला असला तरी! त्यात रहस्य ते काय उरलं?

दुसरं म्हणजे पोलिसांचे आणि कोर्टातले शब्द. मी ‘माफीचा साक्षीदार’ लिहिलं, तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘सरकारी साक्षीदार’ केलं. ‘नरबळी’चं ‘मानवी बलिदान’ झालं. ‘साक्षीदार फितूर झाला’ याचं ‘साक्षीदार शत्रू झाला’. कारण काय, तर प्रेक्षकांना कळणार नाही. मला हे अजिबात पटलेलं नाही, पण नीट मुद्दे मांडून परत पाठवायचं आहे. मदत करा.

प्रतिसाद

ताई, ‘रहस्यकथा’ हे नाव मुळात दुकानाच्या आणि वाचनालयाच्या कपाटावरचं आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही त्यांची माणसं. त्यांतल्या कित्येक गोष्टींत गुन्हेगार कोण हे लपवलेलंच नाही, गंमत आहे ती पाठलागाची, वेषांतराची, शेवटच्या क्षणी निसटण्याची. तरी सगळी पुस्तकं एकाच कपाटात आणि कपाटावर चिठ्ठी ‘रहस्यकथा’. पुढे सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद आणि बॅरिस्टर अमर विश्वास त्याच कपाटात आले. एक साहसी, दुसरा कोर्टात लढणारा. दोघांच्या गोष्टींची जात एक नाही, पण वाचक काउंटरवर जाऊन ‘रहस्यकथा द्या’ एवढंच म्हणायचा आणि त्याचं काम भागायचं.

जुन्या पुस्तकांत आणि मासिकांत ‘चातुर्यकथा’ हा शब्दही भेटतो. मला तो फार आवडतो. गोष्टीतलं खरं आकर्षण तपास करणाऱ्याची बुद्धी आहे, हे त्यात सरळ सांगितलं आहे. आज कोणी वापरत नाही, याचं वाईट वाटतं.

प्रतिसाद

वरच्या काकांचं बरोबर आहे, पण ताईंना आज लिहायचं आहे, आणि आजचा प्रेक्षक निवड करताना नाव बघतो. म्हणून नावात फरक करायलाच हवा. गंमत अशी की शेजारच्या कपाटात आपण तो केलेला आहे. रत्नाकर मतकरींची ती गूढकथा, नारायण धारपांची ती भयकथा. दोन्हींत अंगावर काटा येतो, तरी मराठी वाचक त्यांची सरमिसळ करत नाही. मग गुन्ह्याच्या गोष्टींनाच एक सरसकट नाव का?

मी फरक असा करतो : वाचकाच्या मनात कोणता प्रश्न पेटलेला आहे ते बघायचं. ‘कोणी केलं?’ हा प्रश्न शेवटपर्यंत धरून ठेवला असेल तर ती रहस्यकथा. ‘हे उघडकीला कसं येणार?’ असेल तर तपासकथा. ‘आता पुढे काय, हा वाचतो की नाही?’ असेल तर थरारकथा. पडद्यावर आली की रहस्यपट, थरारपट. हे शब्द वर्तमानपत्रांच्या चित्रपट-पानांवर वर्षानुवर्षं आहेत, नव्याने घडवायची गरज नाही.

उदाहरण घ्या. केइगो हिगाशिनो या जपानी लेखकाची २००५ सालची कादंबरी, जिच्यावरून सुजॉय घोष यांनी २०२३ मध्ये ‘जाने जान’ हा हिंदी चित्रपट केला. सुरुवातीलाच एका बाईच्या हातून तिच्या जुन्या नवऱ्याचा जीव जातो. ते आपल्या डोळ्यांसमोर घडतं. शेजारी राहणारा गणिताचा शिक्षक तिला वाचवायला निघतो. खुनी कोण, हा प्रश्न तिथेच संपला. म्हणून ही रहस्यकथा नाही, असं मी म्हणणार होतो, पण जरा थांबा. लेखकाने लपवलेली गोष्ट वेगळीच आहे : शिक्षकाने नेमकं काय केलं. ते शेवटी कळतं तेव्हा आधी वाचलेलं सगळं नव्याने लावावं लागतं. म्हणजे वरून तपासकथा, आतून रहस्यकथा. अशा ठिकाणी मी ‘रहस्यकथा’च लिहीन, कारण लेखकाचं कौशल्य त्या लपवण्यात आहे. नाव ठरवताना खून बघू नका, काय दडवलं आहे ते बघा.

उलट ‘मानवत मर्डर्स’ ही २०२४ ची मराठी मालिका. परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये १९७२ पासून झालेले खून आणि रमाकांत कुलकर्णी या पोलीस अधिकाऱ्यांनी केलेला तपास. त्यांच्याच पुस्तकावरून ती केली आहे. ज्यांनी त्या काळचे पेपर वाचले त्यांना निकाल ठाऊक आहे. ही शंभर टक्के तपासकथा. जबाब, खबरी, अफवा, दबलेली माणसं यांच्यातून अधिकारी वाट कशी काढतो, यासाठी ती बघायची. तिला रहस्यकथा म्हटलं तर खऱ्या मेलेल्या माणसांवरही अन्याय होतो असं मला वाटतं. आणि नावाबद्दल एक तक्रार आहेच. मराठी माणूस त्या प्रकरणाला ‘मानवत खून खटला’ किंवा ‘मानवत हत्याकांड’ म्हणत आला आहे. शीर्षकात ‘मर्डर्स’ कशाला हवं होतं?

‘समांतर’चं काय, असं कोणी विचारेल. शिरवळकरांची कादंबरी, २०२० साली सतीश राजवाडे यांनी तिची मालिका केली. एका माणसाचा भूतकाळ हाच दुसऱ्याचा भविष्यकाळ. लेखकाच्या नावामुळे ती रहस्यकथेच्या कपाटात जाते, पण ती गूढकथा आहे. विषय संपला.

प्रतिसाद

मी फौजदारी कोर्टात वकिली करते. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहिते, कारण तो शब्दांच्या आवडीनिवडीचा नाही, अर्थाचा आहे.

गुन्ह्यात स्वतः सामील असलेला माणूस सगळं खरं सांगण्याच्या अटीवर कोर्टाकडून माफी मिळवतो आणि साथीदारांविरुद्ध साक्ष देतो, तो माफीचा साक्षीदार. सरकारी साक्षीदार म्हणजे सरकार पक्षाने उभा केलेला कुठलाही साक्षीदार. घटनास्थळी चहा विकणारा, शवविच्छेदन करणारे डॉक्टर, पंच, सगळे. चहावाल्याला आणि खुनाच्या साथीदाराला एकाच नावाने हाक मारली तर गोष्टीचा कणाच मोडतो. पुण्यातला १९७६-७७ चा जोशी-अभ्यंकर खून खटला आठवा. एक साथीदार माफीचा साक्षीदार झाला, तो शब्द घराघरात पोचला, पुढे त्या प्रकरणावरच्या चित्रपटाचं नावही तेच ठेवलं गेलं. आणि म्हणे प्रेक्षकांना कळणार नाही!

‘फितूर’ही तसाच. आपल्या बाजूचा म्हणून आणलेला साक्षीदार उलटला, तर तो फितूर. शत्रू तर आधीपासून समोरच्या बाजूला असतो. फितुरीत जो विश्वासघात आहे तो ‘शत्रू’त कुठून येणार?

नरबळीबद्दल तर वादच नको. बलिदान हुतात्म्यांचं असतं, स्वेच्छेने, मोठ्या कारणासाठी. गुप्तधनासाठी पोरीला मारणं हे बलिदान? महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या नावातच ‘नरबळी’ आहे. ते वाक्य तसंच परत पाठवा, ताई, आणि कायद्याचं नाव सोबत जोडा.

आणखी काही शब्द सांगून ठेवते, तुम्हाला उपयोगी पडतील. ‘जबाब’ आणि ‘कबुलीजबाब’ एक नव्हेत. जबाब कोणाचाही घेतात. कबुलीजबाब म्हणजे गुन्हा केल्याची कबुली, आणि पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, म्हणून तर ती दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवतात. पडद्यावर फौजदार गुन्हेगाराकडून कबुली काढतो आणि पुढच्या दृश्यात शिक्षा होते, तेव्हा निदान उपशीर्षकाने तरी घोळ वाढवू नये. मारला गेलेला माणूस पोलिसी कागदात ‘मयत’ असतो. जप्त केलेला चाकू, कपडे, रोकड हा ‘मुद्देमाल’. शेतात प्रेत सापडलं आणि घातपात आहे की नाही ते कळलेलं नाही, तर आधी ‘अकस्मात मृत्यूची नोंद’ होते. ‘गुन्हा दाखल’ त्यानंतर, संशय पक्का झाल्यावर. हा टप्पा मला तपासकथेत सगळ्यात थरारक वाटतो : एका ओळीच्या नोंदीचं खुनाच्या गुन्ह्यात रूपांतर होतं तो क्षण. दोन्हीकडे ‘तक्रार नोंदवली’ लिहिलं की तो क्षण गेला.

कलमांचंही सांभाळा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाच्या शिक्षेचं कलम आता १०३ आहे. पण सत्तरच्या दशकातल्या गोष्टीत जुन्या भारतीय दंड संहितेतलं ‘तीनशे दोन’च पाहिजे, आणि त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यालाही जुनंच कलम लागतं. बोलण्यात ‘तीनशे दोन’ अजून बरीच वर्षं टिकेल, त्यामुळे आजच्या गोष्टीत हवालदाराच्या तोंडी ते आलं तर खोडू नका. कागदावर दिसलं तर मात्र खोडा.

प्रश्नकर्ती

वकीलताई, मनापासून आभार. हे जसंच्या तसं पाठवते. एक राहिलं : खून, हत्या, वध. हिंदीवरून काम करताना ‘खून’ फार छळतो.

प्रतिसाद

छळणारच. फारसीत ‘खून’ म्हणजे रक्त, हिंदी-उर्दूत रक्त आणि जीव घेणं दोन्ही. मराठीने फक्त दुसरा अर्थ घेतला. म्हणून हिंदीतलं ‘खून बह रहा है’ मराठीत ‘रक्त वाहतंय’ आणि ‘खून का रिश्ता’ म्हणजे ‘रक्ताचं नातं’. इथे ‘खुनाचं नातं’ लिहिलेलं मी पडद्यावर वाचलं आहे, आणि अंगावर शहारा आला होता, चुकीच्या कारणाने.

बाकी कायद्यात ‘खून’ आणि ‘सदोष मनुष्यवध’ हे दोन वेगळे गुन्हे आहेत, हेतू आणि जाणीव कितपत होती त्यावरून. नुसता ‘वध’ पुराणातला, कीचकाचा, जरासंधाचा. मारणाऱ्याची बाजू न्याय्य आहे असं त्यात गृहीत असतं, म्हणून आजच्या माणसासाठी वापरताना फार जपावं. ‘हत्या’ मोठ्या माणसाची, किंवा बातमीच्या मथळ्यातली. घरात, गल्लीत, चौकीत खूनच होतो.

प्रतिसाद

मूळ प्रश्नात ‘पुस्तकावरून’ हा शब्द आला, त्यावर थोडं. पुस्तकावरून चित्रपट झाला की सगळीकडे ‘रूपांतर’ लिहितात. मराठीत रूपांतराला नाटकांमुळे पक्का अर्थ आहे. देवलांनी शेक्सपिअरच्या ऑथेल्लोचा ‘झुंझारराव’ केला, म्हणजे नावं, गाव, चालीरीती सगळं इकडचं केलं. ते रूपांतर. ‘जाने जान’मध्ये जपानी कादंबरीतली माणसं कालिम्पाँगला आणून बसवली, शिक्षकाचा भौतिकशास्त्रज्ञ मित्र आणि पोलीस अधिकारी यांचं एकच पात्र केलं, हेही रूपांतर. ‘समांतर’चं मात्र फक्त माध्यम बदललं, भाषा आणि माती तीच राहिली. त्याला ‘माध्यमांतर’ म्हणावं. समीक्षेत तो शब्द आहे, बोलताना जड जातो हे मान्य. मग ‘कादंबरीवर बेतलेली मालिका’ म्हणा. ‘बेतलेली’ हा सुरेख शब्द आहे, शिंप्याच्या हातातला : कापड तेच, माप नवं.

प्रश्नकर्ती

‘बेतलेली’ आजच वापरते. शेवटचं एक विचारून घेते : ‘गुप्तहेर’ कुठे लिहायचं? माझ्या सध्याच्या मालिकेत खासगी तपास करणारी एक बाई आहे आणि परदेशी हस्तकही आहे. दोघांनाही गुप्तहेर म्हटलं की गोंधळ होतो.

प्रतिसाद

अर्नाळकरांच्या काळी धनंजयही गुप्तहेर होता, तेव्हा चाललं. आता तो शब्द राष्ट्रांच्या हेरगिरीकडे सरकला आहे, त्याला तिथेच राहू द्या. परदेशी माणूस ‘हेर’. बाईसाठी बोलण्यात ‘डिटेक्टिव्ह’ ठेवा, मराठी घरात तो रुळलेला आहे. आणि गोष्टीत तिची कोणी आदराने ओळख करून देत असेल, तर बंगालीतल्या ब्योमकेश बक्षीने स्वतःसाठी निवडलेला ‘सत्यान्वेषी’ घ्या. दूरदर्शनच्या मालिकेमुळे आपल्याकडच्या एका पिढीला तो ओळखीचा आहे. फक्त हवालदाराच्या तोंडी घालू नका. तो तिला ‘मॅडम’च म्हणेल.