फोर बाय फोर पिकअप: तिन्ही डब्यांत एकच 'नव्वद नंबर' ऑइल?

ओढ्यापलीकडे: जुनी फोर बाय फोर पिकअप घेतलीय, गगनबावड्याकडे. शेताच्या वाटेवर ओढा आहे, पावसाळ्यात पाणी चाकाच्या मध्यापर्यंत. परवा मागच्या क्राऊनचा (दोन चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा, डिफरन्शियल) फिलर, म्हणजे ऑइल भरायचं तोंड, उघडला तर आतून दुधाचा चहा, ऑइलमध्ये पाणी शिरलेलं! आता सगळंच ऑइल बदलायचं. मिस्त्री म्हणतात, "गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, दोन्ही क्राऊन, सगळीकडे नव्वद नंबर जीएल-५ मारू. एकच मोठा डबा आणा." (ट्रान्सफर केस म्हणजे पुढच्या-मागच्या क्राऊनकडे ताकद वाटणारा डबा; नव्वद हा ऑइलचा घट्टपणा, जीएल हा गिअर ऑइलचा वर्ग.) गाडीच्या मॅन्युअलमध्ये मात्र गिअरबॉक्सला जीएल-४, ट्रान्सफर केसला एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल) आणि क्राऊनलाच जीएल-५ लिहिलंय. माझं मत मॅन्युअलच्या बाजूने. पटत नसेल तर बोला.

कॅमशाफ्ट_काका: नाही पटत. पंचवीस वर्षं जीपा आणि जिप्सी चालवल्या. गिअरबॉक्स नव्वद, क्राऊन नव्वद, ट्रान्सफर नव्वद. एकही डबा वाजला नाही. कंपन्यांना चार प्रकारची ऑइलं विकायची असतात म्हणून चार रकाने छापतात. आणि पाच हा आकडा चारपेक्षा मोठाच ना?

सिंक्रोरिंग: काका, नेमकी इथेच गल्लत होते. जीएलचा आकडा म्हणजे परीक्षेतले मार्क नव्हेत. क्राऊन-पिनियनचे दात हायपॉइड असतात, एकमेकांवर घासत सरकतात. तिथला दाब सोसायला गंधक-फॉस्फरसची रसायनं लागतात आणि जीएल-५ मध्ये ती जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. गिअरबॉक्समधल्या सिंक्रो रिंगा (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या) बऱ्याचदा पितळेच्या. गरम ऑइलमधली तीव्र गंधक-रसायनं पितळ खातात, आणि त्याआधीच रिंग गुळगुळीत चालल्याने पकड सुटते. दुसऱ्या-तिसऱ्याला कर्रर्र ऐकू यायला लागलं की समजा. सिंक्रोचं कामच घर्षणावर चालतं!

कॅमशाफ्ट_काका: माझ्या जिप्सीला कधी कर्रर्र झालं नाही.

सिंक्रोरिंग: झालं नसेल. आजकालच्या काही जीएल-५ मध्ये पितळ सांभाळणारी रसायनं असतात आणि 'दोन्हीसाठी चालेल' असंही डब्यावर लिहिलेलं सापडतं. तसं लिहिलं असेल आणि मॅन्युअललाही चालत असेल, तर माझा वाद नाही. पण मिस्त्रीच्या डब्यावर ते लिहिलंय का, हे बघा की.

वऱ्हाडी_टॉर्क: इकडे अकोल्यात ४५ अंश! क्राऊनला थेट १४० नंबर टाका भाऊ, जाड ऑइल म्हणजे सुरक्षित ऑइल. वजन घेऊन चढताना नव्वद पाण्यासारखं होते.

सिंक्रोरिंग: अर्धं बरोबर. कायम जड ओझं आणि कडक ऊन असेल, तर काही गाड्यांची मॅन्युअल्सच ८५डब्ल्यू-१४० चा पर्याय देतात. पण 'पाण्यासारखं' नाही हो. गिअर ऑइलच्या नंबरांची पट्टी इंजिन ऑइलपेक्षा वेगळी आहे. १०० अंशांना नव्वद नंबरचा घट्टपणा १३.५ ते १८.५ सेंटीस्टोक्स, म्हणजे इंजिनच्या ४० किंवा ५० नंबरच्या आसपास. १४० चा २४ च्या वर. गगनबावड्याच्या पावसात सकाळी एवढं जाड ऑइल ढवळण्यातच डिझेल जाईल.

ओढ्यापलीकडे: ट्रान्सफर केसचं कोणीच बोलत नाहीये. मला तिथेच सगळ्यात जास्त धास्ती आहे.

चेनवाला: आणि तिथेच काका आणि तुम्ही दोघंही बरोबर आहात. जिप्सीच्या ट्रान्सफर केसमध्ये गिअरला गिअर भिडलेले, तिला गिअर ऑइल योग्यच. पण बऱ्याच नंतरच्या गाड्यांत आत चेन आणि एक छोटा ऑइल पंप असतो. पातळ एटीएफ बारीक वाटांतून बेअरिंगांपर्यंत पोचतं, थंड नव्वद नंबर अडखळतं. मॅन्युअलमध्ये एटीएफ आहे, तर तुमच्यात चेन असण्याची शक्यता मोठी. मिस्त्रींचा अनुभव खोटा नाही, दुसऱ्या गाडीचा आहे.

कॅमशाफ्ट_काका: चेनचं ठीक, ते मान्य. गिअरबॉक्सचं अजून नाही.

चेनवाला: चालेल काका. मूळ दुखणं मात्र ऑइलचं नाहीये. तापलेला क्राऊन थंड ओढ्यात बुडाला की आतली हवा आकसते. ब्रीदर (डब्यातली हवा ये-जा करायची छोटी वाट) चिखलाने तुंबला असेल तर तीच हवा ऑइल सीलमधून पाणी ओढते. ब्रीदरला नळी जोडून वर बॉनेटपर्यंत न्या. नाहीतर कितीही भारी जीएल-५ टाका, पुढच्या आषाढात पुन्हा चहा. आणि मागे लिमिटेड-स्लिप (एकच चाक नुसतं गरगरू न देणारा क्राऊन) आहे का तेही बघा, त्याच्या ऑइलमध्ये वेगळी भर लागते.

ओढ्यापलीकडे: लिमिटेड-स्लिप नाही. ब्रीदर आत्ता पाहिला, मातीने गच्च. रविवारी तीन वेगळे डबे घेऊन मिस्त्रींकडे जातोय, बोलणी खावी लागतील. दुधाळ ऑइल निघाल्यावर लगेच नवीन भरू, का आधी स्वस्त ऑइलने एकदा धुऊन घेऊ?

सिंक्रोरिंग: धुवा. थोडं चालवून ते काढा, मग चांगलं भरा. आणि आधी फिलर उघडा, मगच ड्रेन! फिलरचा नट गंजून अडकला आणि खालचं ऑइल वाहून गेलेलं असेल, तर गाडी तिथेच उभी.