खाडीवरचा जुना लोखंडी पूल मिलिटरीवाले सुरुंग लावून का पाडत नाहीत?

खाडीकाठचा:
नमस्कार मंडळी. आमच्या खाडीवरचा जुना लोखंडी पूल बंद होऊन बरीच वर्षं झाली, शेजारी नवा झालाय, आता जुना काढायचं चाललंय पण गॅस कटरने कापणार म्हणे, म्हणजे अख्खा सीझन जाणार. माझा मावसभाऊ बॉम्बे सॅपर्समध्ये (लष्कराचे इंजिनिअर) आहे, खडकीला, डेमोलिशनचं, म्हणजे स्फोटाने पाडकामाचं ट्रेनिंग चालू आहे त्याचं. मे महिन्यात सुट्टीवर आला तेव्हा मी सहज म्हटलं, अरे तुम्ही लोक या की, एका दणक्यात काम होईल. तर हसला आणि म्हणतो, दादा लोखंड असं पडत नसतं, आम्हाला दगड-काँक्रीटचं वेगळं शिकवतात आणि स्टीलचं वेगळं. पुढे काही बोलेना, आंबे खात बसला. वेगळं म्हणजे काय? बारूद ती बारूदच ना?

माजी_सॅपर_महाड:
भावाने सांगितलं तेवढं बरोबरच सांगितलं. किती लावायचं आणि कुठे लावायचं हे मीपण इथे लिहिणार नाही, उघड्यावर लिहायची गोष्ट नाही ती. पण फरक सांगतो.

दगड-काँक्रीट नारळासारखं, हादरा बसला की तडकतं. स्टील तडकत नाही, वाकतं, पीळ खातं आणि लटकून राहतं. म्हणून ते फोडायचं नसतं, कापायचं असतं. त्यासाठी कटिंग चार्ज, म्हणजे कापणारा स्फोटक असतो, त्यात व्ही आकाराचं तांब्याचं अस्तर, स्फोट झाला की तांब्याची पातळ धार प्रचंड वेगाने पुढे निघते आणि प्लेट चिरत जाते. नुसती बारूद कशीही बांधून ठेवली तर आवाज मोठा आणि पूल जागेवरच राहायचा.

आणि ट्रेनिंग म्हणजे दिवसभर धडाम धडाम असं लोकांना वाटतं. कसलं काय! टेप आणि कॅलिपर घेऊन गर्डरवर चढा, पुलाच्या प्रत्येक मेंबरची (तुळई, पट्टी) जाडी घ्या, रिव्हेट कुठे, दोन प्लेटा एकावर एक कुठे, सगळं कागदावर. मग लाकडाचे डमी चार्ज बसवून दाखवा. उस्ताद येऊन डमी नीट बसलाय का ते बघणार, चूक सापडली की सगळं काढा, पुन्हा लावा, कारण चार्ज नीट बसला नाही की ताकद वाया गेली. खरा स्फोट त्या मानाने थोडाच. त्यातही मिसफायर झाला, म्हणजे चार्ज फुटलाच नाही, तर नियमाप्रमाणे थांबायचं, मग एकच माणूस पुढे जाणार, बाकी सगळे आडोशाला. स्टीलचे तुकडे कुठच्या कुठे जातात, त्यामुळे सुरक्षित अंतर स्टीललाच सगळ्यात जास्त ठेवतात. तुमच्या पुलापासून वाडी किती लांब आहे ते सांगा, मग ठरवा मिलिटरी बोलवायची का.

रेमागेनचा पूल वाचा कधी. 7 मार्च 1945, राइन नदीवरचा लोखंडी रेल्वे पूल, जर्मनांनी उडवायला घेतला, मुख्य सर्किट चाललंच नाही, मग हाताने फ्यूज पेटवला, स्फोट झाला, पूल जरा उचलला गेला आणि परत जागेवर बसला. अमेरिकन सैन्य त्यावरून पलीकडे गेलं. हिटलरने 4 अधिकाऱ्यांना गोळ्या घातल्या. आणि तोच पूल 17 मार्चला आपला आपण कोसळला, वर दुरुस्ती करणारे 28 अमेरिकन इंजिनिअर सैनिक गेले.

फॅब्रिकेशनवाला:
सॅपर काकांशी सहमत. लांब कशाला जाता, पुण्याचा चांदणी चौक आठवा, 2 ऑक्टोबर 2022 ला मध्यरात्री सगळं राज्य टीव्हीला चिकटून बसलेलं, स्फोट झाला, काँक्रीट उडालं पण सळ्यांनी पूल धरून ठेवला, शेवटी पोकलेन लावून पाडला. तो तर काँक्रीटचा पूल होता हो! मुंबईचा कर्नाक पूल लोखंडी, त्याच वर्षी नोव्हेंबरात 27 तासांचा ब्लॉक घेऊन गॅसने कापला आणि क्रेनने उचलला, ना धूर ना गोंधळ.

आपल्याकडे अजून एक भानगड, खारा वारा. ड्रॉइंगवर एक जाडी आणि जागेवर दुसरीच. रंगाच्या खाली पापुद्रे सुटलेले असतात, हातोडी मारली की भाकरीएवढा गंज गळून पडतो, आणि शेजारची प्लेट मात्र ठणठणीत. पूल नेमका कुठून तुटेल हे अशा लोखंडात कोणी छातीठोक सांगू शकत नाही, ना बारूदवाला ना कटरवाला.

खाडीकाठचा:
वाडी अगदी लागून आहे हो, पुलाच्या तोंडाशीच घरं आणि देऊळ. मग विषयच संपला. पण मग आर्मी हे शिकते कशाला?

दर्याचो_रापणकार:
अरे बाबा, तुमका पूल दिसता, आमका मासो दिसता. खाडीत सुरुंग फोडलास तर मासो उलटो होतलो, वर चिखलात तिसऱ्ये आणि कालवां आसत त्येंचा काय? आणि लोखंड पाण्यात पडला तर जाळी फाटतली आमची, ता काढूक कोण येतलो? कापतत तर कापूंदेत सावकाश. सीझन गेलो तर गेलो.

माजी_सॅपर_महाड:
शिकते ते लढाईसाठी, शत्रूची वाट अडवायला आणि आपली मोकळी करायला. आपले कारवारजवळच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे बॉम्बे सॅपर्सचेच, एप्रिल 1948 मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर भूसुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना वाट करून दिली, परमवीर चक्र मिळालं. आणि सॅपर नुसतं पाडत नाही, मुंबईच्या एल्फिन्स्टन (आता प्रभादेवी) स्टेशनच्या चेंगराचेंगरीनंतर तिथला पादचारी पूल 2018 ला सॅपर्सनीच बांधून दिला.

फॅब्रिकेशनवाला:
रापणकारांचा मुद्दा बरोबर आहे. पाण्यात काही न पाडता काढता येतं. ओहोटीला बार्ज (सपाट बुडाची मोठी होडी) पुलाच्या गाळ्याखाली आणायची, टेकू लावायचे, दोन्ही टोकं मोकळी करायची, भरती चढली की बार्ज वर येते आणि गाळा आपोआप बेअरिंगवरून (खांबावरच्या बैठकीवरून) उचलला जातो. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्त चढतं, तारीख त्यावर धरायची. पावसाळ्यात मात्र नाही, खाडीला ओढ असते. ठेकेदाराला विचारा बार्ज आणणार आहे का. नसेल आणणार तर ग्रामपंचायतीतून लेखी द्या की एक तुकडाही पाण्यात पडता कामा नये, टेंडरमध्ये ती अट आत्ताच घालून घ्या, काम सुरू झाल्यावर कोणी ऐकत नाही.

खाडीकाठचा:
सोमवारी ग्रामसभा आहे, तिथेच मांडतो. रापणकार, तुम्ही पण या.

दर्याचो_रापणकार:
येतंय. भरती बघून.