मासळीच्या हॉटेलात झालेला पोपट: तुमचेही अनुभव येऊ द्या

जुलैचा धो धो पाऊस, पुण्यातलं एक बरंच नावाजलेलं मालवणी हॉटेल आणि आम्ही चौघं. सुरमई थाळी सांगितली. "आजचीच आहे साहेब," वाढप्या छातीठोकपणे म्हणाला. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना बंदी. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १४ जूनला उठते, तिकडची बर्फात घालून आली असेल तर तसं सांगा ना! तुकडी रव्याच्या जाड चिलखतात आली. रवा खरवडला तर आत भुसा. कालवण म्हणजे कांदा-टोमॅटोची तेलकट ग्रेव्ही, त्यात पनीर सोडलं असतं तरी खपलं असतं. पण खरा संताप आणला सोलकढीने. गोड! आगळाचा (कोकमाच्या आंबट अर्काचा) पत्ता नाही, सरळ कोकम सरबताचं सिरप नारळाच्या दुधात ओतलेलं. बिल मात्र अस्सल होतं.

तुमच्या वाट्याला काय आलं? हॉटेलाचं नाव नको, किस्सा लिहा.

पापलेटवेडा: मुंबईत मेनूकार्डावर पापलेटपुढे भाव नाही, नुसतं 'साइजप्रमाणे'. मी कच्चा मासा दाखवायला सांगितला. ताटलीत चांगला तळहाताएवढा, डोळे चकचकीत. पसंत केला. तळून आला तेव्हा निम्मा! "तळल्यावर आटतो," म्हणे. २०२३ पासून राज्यमासा आहे तो आपला, थोडा तरी मान ठेवा.

खाडीकाठची: आमच्याकडे चिंबोऱ्या (खेकडे) अवसेच्या सुमारास घेतात, पुनवेला पोकळ असतात म्हणून. नणंदेच्या वाढदिवसाला हॉटेलात गेलो ती नेमकी पुनव. सासूबाई आधीच म्हणाल्या, "नको गं मागवू." नणंदेने मागवल्याच. नांग्या फोडून फोडून दमलो, आत पाणी. सोबतच्या तिसऱ्यांत (शिंपल्यांत) वाळू कचकचत होती. मिठाच्या पाण्यात ठेवायलासुद्धा वेळ नसेल तर चूल पेटवताच कशाला? सासूबाईंनी मुकाट्याने डाळ-भात खाल्ला आणि घरापर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. ते जास्त झोंबलं.

दुबईकर: इकडे सुरमई मुबलक, ताजी. तरी एका 'कोकणी' रेस्टॉरंटात ती बटर चिकनच्या ग्रेव्हीत मिळाली. पुढे काही लिहवत नाही.

काटेकोर: गोव्यात किनाऱ्यावरच्या एका शॅकमध्ये 'कॅच ऑफ द डे' मागवला. पांढराफटक तुकडा, ना वास, ना चव, ना एक काटा. बासा! समोर समुद्र आणि ताटात गोड्या पाण्यातला मासा. विचारलं तर "लोकल फिश" एवढंच उत्तर.

सुकटसम्राट: धागाकर्ते, राग नको, पण जुलैत सुरमई सांगायचीच कशाला? पावसाळ्यात खाडीची मासळी बघावी, नाहीतर सोडे (सुकवलेली कोळंबी), सुकट, सुके बोंबील. गिऱ्हाईक बारा महिने सुरमई-पापलेटच मागतं म्हणून हॉटेलवाले बर्फातला माल भरून ठेवतात. सोड्यांची खिचडी मेनूत असते, तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही.

धागाकर्ता: सुकटसम्राट, मुद्दा मान्य. पण मग वाढप्याने "आजची" का म्हणावं? आणि सोलकढीला कसली आलीय बंदी?

घाटावरचा: कोल्हापुरात कोळंबी अशी आली की चावली की दाताखालून उडायची. तक्रार केली. मॅनेजरने एक उचलून तोंडात टाकली, बराच वेळ चघळली आणि म्हणाला, "थांबा, तुम्हाला तांबडा-पांढरा पाठवतो." तो मात्र फक्कड होता.