संध्याकाळी कारचं चार्जिंग बंद पडतं, अर्थचा लाल दिवा पेटतो: वायर बदलू की अर्थिंग?

डिचोलीकर
घर जुनं, चिऱ्यांचं. मीटर पुढच्या पडवीत, गाडी मागच्या शेडमध्ये, ३५ मीटरवर. चार्जर ३.३ किलोवॅटचा, १६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर. वायर तांब्याची, २.५ स्क्वेअर एमएम. संध्याकाळी सात ते दहा चार्जिंग मधेच थांबतं, रात्री बारानंतर सुरळीत चालतं. एप्रिलपासून चार्जरवरचा अर्थचा लाल दिवाही पेटतो. प्लगची एक पिन काळी पडलीय. इलेक्ट्रिशियन म्हणतो, सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडतो, दिवा जाईल. करू देऊ का?

तारमापे
अजिबात नको! दिवा जाईल, पण मागे कुठे न्यूट्रल तुटला की गाडीच्या पत्र्यावर जवळपास २३० व्होल्ट येतील. पावसात ओल्या पायांनी दार उघडणाऱ्याचा जीव जाईल.

आधी मोजा. चार्जिंग बंद असताना आणि चालू असताना, मीटरपाशी आणि सॉकेटवर, असे चार आकडे संध्याकाळी आठला घ्या. जाऊन-येऊन ७० मीटर वायरचा रोध साधारण ०.५ ओहम, १४ अँपिअरला ७ व्होल्ट पडणारच. ६ स्क्वेअर एमएम घातली तर ३.

ओली माती
अर्थिंगबद्दल. जांभ्यात, म्हणजे चिऱ्याच्या खडकात, अर्थिंगची सळी मीटरभर गेली की दगडावर अडते, लोक तिथेच थांबतात. एप्रिल-मेमध्ये वरचा थर कोरडाठाक, म्हणून दिवा नेमका तेव्हा पेटतो. बोअर मारून ३ मीटर खोल तांब्याचा मुलामा दिलेली सळी घाला, भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरा. मीठ नको, सळी खाऊन टाकतं. जागा न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर किंवा रोज शिंपण होणाऱ्या माडाच्या आळ्याच्या काठाला निवडा. दुसरी सळी किमान ३ मीटर अंतरावर घालून पहिलीला जोडा.

तरीही जांभ्यात रोध फार उतरत नाही. समजा १० ओहम मिळाला, तर फॉल्टला, म्हणजे पत्र्यात वीज उतरली तर, जमिनीत जेमतेम २३ अँपिअर वाहतील. २० अँपिअरचा एमसीबी (जादा करंटला पडणारा स्विच) तेवढ्यावर लगेच पडत नाही. म्हणून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की वीज तोडणारा स्विच) हवीच, तीही टाइप ए. स्वस्तातली टाइप एसी चार्जरच्या डीसी मिसळलेल्या गळतीपुढे आंधळी होऊ शकते. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबा.

डिचोलीकर
आकडे: मीटरपाशी २०४, चार्जिंग सुरू केल्यावर २०२. सॉकेटवर २०४ चे १९०.

तारमापे
मीटरपाशीच २०४ म्हणजे पुरवठा कमी आहे. २३० च्या ६ टक्के खाली म्हणजे २१६ व्होल्ट, त्याखाली असेल तर वीज खात्याकडे लेखी तक्रार द्या, आकडे आणि वेळ घालून. तोवर रात्री अकरानंतर लावा, नाहीतर चार्जरला सोय असेल तर करंट १० अँपिअरवर आणा.

पण घरातला आकडा बघा. २०२ चे १९०, म्हणजे १२ व्होल्ट पडतात. वायरचे ७ धरले तर उरलेले ५ कुठल्यातरी सैल जोडात जातात. ५ गुणिले १४, म्हणजे ७० वॅट. जुन्या पिवळ्या बल्बाएवढी उष्णता भिंतीतल्या डबीत, नाहीतर त्या काळ्या पिनेवर. म्हणून हे जोड नीट होईपर्यंत रात्रीचंही चार्जिंग थांबवा. मेन बंद करून वाटेतली प्रत्येक डबी उघडा. पीळ मारून टेप लावलेले जोड कापून टाका, मीटरपासून शेडपर्यंत ६ स्क्वेअर एमएमची एकसंध वायर घ्या. साधं सॉकेट काढून निळं इंडस्ट्रियल बसवा, बारीक तारांच्या टोकाला लग (दाबून बसवायची धातूची टोपी) लावूनच स्क्रू आवळा, आणि आठवड्याने तो पुन्हा एकदा आवळा.