ऋण एन्ट्रॉपीचा व्यवहारातला अर्थ
फॉन नॉयमन एन्ट्रॉपी, म्हणजे क्वांटम अवस्थेतील अनिश्चिततेचे माप, हे केवळ सूत्र आहे, तिने प्रत्यक्षात काहीच मोजले जात नाही, असे एक मत आहे; ते मला पटत नाही. एकाच स्रोतातून येणाऱ्या क्वांटम अवस्थांची लांबलचक मालिका जवळजवळ अचूक साठवायला दर अवस्थेमागे किमान किती क्यूबिट (क्वांटम माहितीचे एकक) लागतील, याचे उत्तर हीच एन्ट्रॉपी देते, हे बेंजामिन शूमाकर यांनी १९९५ साली दाखवले. समजा, स्रोत 'शून्य' ही अवस्था किंवा शून्य-एकचे समप्रमाण अध्यारोपण (दोन्ही अवस्थांचे सारख्या वाट्याचे मिश्र रूप) सारख्याच संभाव्यतेने पाठवतो. तर एन्ट्रॉपी सुमारे ०.६ भरते आणि हजार क्यूबिटांचा ऐवज सहाशेहून थोड्या अधिक क्यूबिटांत मावतो. (ही बचत होते ती दोन्ही अवस्था परस्परलंब, म्हणजे एकमेकींपासून खात्रीने वेगळ्या ओळखता येण्याजोग्या, नसल्यामुळे.)

सशर्त एन्ट्रॉपी, म्हणजे एक भाग हाती असताना दुसऱ्याबद्दल उरणारी अनिश्चितता, मला त्याहून मोलाची वाटते, कारण ती ऋणही होऊ शकते. पूर्णपणे गुंतलेल्या (क्वांटम पातळीवर एकमेकींशी जोडलेल्या) दोन क्यूबिटांच्या जोडीसाठी ती उणे एक येते, आणि होरोडेत्स्की, ओपेनहाइम व विंटर यांनी २००५ मध्ये लावलेला तिचा अर्थ असा, की अभिजात संदेश मोफत धरले तर एका पक्षाकडचा भाग दुसऱ्याकडे पोचवायला क्यूबिट लागत नाहीच, उलट पुढच्या टेलिपोर्टेशनसाठी (गुंतलेल्या जोडीच्या साहाय्याने क्वांटम अवस्था दुसरीकडे पोचवण्यासाठी) एक गुंतलेली जोडी शिल्लक राहते. हे अर्थ अनेक प्रती हाताशी असतानाचे आहेत. म्हणून संदेश गुप्त ठेवणाऱ्या मर्यादित लांबीच्या किल्लीची सुरक्षितता तपासताना किमान-एन्ट्रॉपीच (किल्ली ओळखण्याच्या सर्वोत्तम अंदाजावर आधारलेले माप) वापरावी.