मदत हवी आहे: अमेरिकी यादवी युद्धातल्या 'ड्रमर जॅक्सन'चा माग कसा काढावा?

नमस्कार मंडळी,

एका दिवाळी अंकाच्या किशोर विभागासाठी अमेरिकी यादवी युद्धातल्या (१८६१-६५) कृष्णवर्णीय ड्रमर मुलांवर लेख लिहितेय. एका मुलापाशी घोडं अडलंय.

त्याचे दोन फोटो प्रसिद्ध आहेत. एकात अंगावर चिंध्या, गुलामीतून नुकताच सुटलेला. दुसऱ्यात गणवेश, टोपी, कमरेला ड्रम आणि हातात टिपऱ्या. एके ठिकाणी नाव 'जॅक्सन', कृष्णवर्णीय सैनिकांच्या फौजेतली पलटण ७९वी. दुसरीकडे याच ड्रमवाल्या फोटोखाली 'टेलर', ७८वी. पोर एकच, नावं दोन! मुलांच्या हाती देताना नाव तरी खरं असावं, असं मला मनापासून वाटतं.

ही मुलं नुसती मिरवणुकीपुरती नव्हती. पहाटे छावणी उठायची ती ड्रमवर, रात्री दिवे मालवायचे तेही ड्रमवर. अचानक हल्ला आला की सलग घुमणारा 'लाँग रोल', म्हणजे असाल तसे बंदुका उचला. लढाई पेटली की हीच मुलं जखमींना उचलून मागे न्यायची. ५४व्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटचा अलेक्झांडर जॉन्सन न्यू बेडफर्डहून भरती झाला तेव्हा १६ वर्षांचा होता. १८ जुलै १८६३ला फोर्ट वॅग्नर या किल्ल्यावरच्या हल्ल्यात जिचे प्रमुख कर्नल शॉ मारले गेले, ती हीच रेजिमेंट. अलेक्झांडरबद्दल बरंच सापडतं, कारण तो जन्मतः स्वतंत्र होता आणि त्याचं गाव त्याला ओळखत होतं. जॅक्सनच्या मागे असं कोण होतं?

नुसत्या आडनावावरून शोध कुठून सुरू करावा? वॉशिंग्टनच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये (सरकारी अभिलेखागारात) काम केलेलं कुणी आहे का इथे?

प्रतिसाद १

ताई, आधी एक गाठ सोडवा. ७९ हा क्रमांक दोन वेगळ्या पलटणींना मिळाला होता. पहिली लुइझियाना राज्यातली, १८६४मध्येच मोडली. मग तोच क्रमांक कॅन्सस राज्यातल्या फर्स्ट कॅन्सस कलर्ड इन्फंट्री या कृष्णवर्णीय पायदळ पलटणीला दिला. ७८वीसुद्धा लुइझियानाचीच. त्यामुळे ७८ की ७९ हा घोळ तिथलाच असावा, असा माझा कयास.

नॅशनल पार्क सर्व्हिसच्या 'सोल्जर्स अँड सेलर्स' या सैनिकांच्या ऑनलाइन यादीत पलटण निवडून नावं चाळा, फुकट आहे. हुद्दा 'ड्रमर' शोधून थांबू नका, कागदोपत्री पुष्कळदा 'म्युझिशियन' असतो. नाव मिळालं की सेवापुस्तिका मागवा. त्यात वय, उंची, जन्मगाव, भरतीचं ठिकाण लिहिलेलं असतं. फोटोतल्या पोराची उंची पाहता तिथेच निम्मी नावं गळतील.

प्रतिसाद २

पेन्शनची फाइल विसरू नका. तो म्हातारपणापर्यंत जगला असेल आणि अर्ज केला असेल, तर सोबत्यांच्या जबान्या, पूर्वीच्या मालकाचं नाव, बायकोमुलं सगळं हाती लागतं. मुक्त झाल्यावर अनेकांनी मालकाचं आडनाव टाकून दुसरं घेतलं, म्हणून पेन्शनच्या सूचीतल्या कार्डांवर एकाच माणसाची दोन-दोन नावं दिसतात. जॅक्सन आणि टेलर दोन्ही एकाच कार्डावर असतील तर पाहाच.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार! दोन आडनावं एकाच माणसाची असू शकतील हे सुचलंच नव्हतं. आधी ७८व्या पलटणीची यादी चाळते, टेलरपासून. काही मिळालं की इथेच लिहीन.